मारा धक्का!

मोटार चालू न होण्याचा इतिहास मोटारीइतकाच जुना. पूर्वी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मारणाऱ्याचे मनगट कामातून जाई. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ बसला. मनगटे वाचली, पण ताप डोक्याकडे गेला. हँडल होते तोवर दोष मारणाऱ्याच्या ताकदीचा असे. सेल्फ आला आणि दोष शोधणे आले.

आमच्या मामांची गाडी प्रीमियर पद्मिनी. तिच्यावर आम्हा तुळजापूरकरांचा शेजारहक्क आहे. कारखान्याचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली शेजारच्या सोलापुरात जन्मले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तेव्हा सोलापूर इंग्रजांकडे आणि आम्ही निजामाकडे! पुढे कुर्ल्याला फियाट ११०० तयार होऊ लागली. तिचेच १९७४ साली ‘पद्मिनी’ म्हणून बारसे झाले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. त्याच वर्षी आमचा उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला. बारशाचे वय नसते म्हणतात ते असे.

तर १९९२ चा मे महिना. आजीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन सोलापूरला अकरा वाजता. त्या दिवसांत ती मला आवाजावरून ओळखायची. सकाळी आठला मामांनी किल्ली फिरवली.

‘टक्.’

बस्स, एवढेच.

“चोक ओढा,” शेजारचे गुरुजी म्हणाले. “पेट्रोल चढत नसंल,” दूधवाला म्हणाला. कुणीतरी पेट्रोलपंपावर ओला फडका टाकला. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो हे खरे, पण ते इंजिन तापल्यावर. आमचे रात्रभर गार झोपलेले! प्लग काढून पुसले, परत बसवले. मग अर्थातच धक्का. गल्ली चढाची, त्यामुळे गाडीपेक्षा आम्हीच मागे आलो. नऊ वाजले.

“पोचतो का रे वेळेवर?” मागच्या सीटवरून आजीने विचारले. मामा काही बोलले नाहीत.

शेवटी मिस्त्री आला. त्याने बॉनेटला हातही लावला नाही.

“मोठे दिवे लावा. आता किल्ली फिरवा.”

दिवे विझत्या निखाऱ्यासारखे झाले.

“करंट पोचंना. पेट्रोलचा काय संबंध हाय?”

सेल्फ इंजिन फिरवतो आणि इंजिन पेट घेत नाही, तर पेट्रोल, प्लग, पॉइंट बघायचे. सेल्फच फिरत नसेल तर आधी बॅटरी आणि तिच्या तारा. आम्ही तासभर सेल्फचा गुन्हा पेट्रोलवर दाखल करत होतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा साचला होता; तो वेळच्या वेळी पुसायचा असतो हे आम्हा कुणाच्या गावी नव्हते. गुरुजींच्या घरून गरम पाणी आले, मिस्त्रीने टर्मिनल घासले, पाना फिरवला. पहिल्या किल्लीला इंजिन घुमले.

“त्याला चहा पाजल्याशिवाय निघायचं नाही,” आजी म्हणाली. मामांनी दहाची नोट काढून चहा वाचवला.

पावणेअकराला पोचलो. काही दिवसांनी पट्टी सुटल्यावर आजीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला.

“अगं बाई,” ती म्हणाली, “केवढा काळा पडलास रे उन्हात!”