लंडनचा पहिला भुयारी लोहमार्ग आणि श्रमिकांच्या निवाऱ्याचा प्रश्न

लंडन येथील 'मेट्रोपॉलिटन रेल्वे' हा जगातील पहिला भुयारी प्रवासी लोहमार्ग १० जानेवारी १८६३ रोजी जनतेस खुला झाला. पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डन स्ट्रीटपर्यंतचा हा सुमारे पावणेचार मैलांचा मार्ग यंत्रविद्येच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा म्हणून वर्णिला जातो, आणि ते यथार्थच आहे. तथापि, ज्या प्रश्नातून हा मार्ग जन्मास आला तो मुळात यंत्रविद्येचा नव्हता. तो श्रमिकांच्या निवाऱ्याचा होता. मूळ कल्पनेची दोन अंगे होती : शहराबाहेर घरे आणि तेथून शहरात आणणारी गाडी. त्यांपैकी दुसरे तेवढे प्रत्यक्षात उतरले, आणि त्याचा भार ज्यांच्या हितासाठी कल्पना मांडली गेली त्याच वर्गावर प्रथम पडला.

या कल्पनेचा प्रवर्तक चार्ल्स पिअर्सन (१७९३–१८६२) हा १८३९ पासून मृत्यूपर्यंत लंडन सिटीच्या कॉर्पोरेशनचा विधी-अधिकारी होता. लंडनच्या अग्निप्रलयाचा दोष कॅथलिकांवर ठेवणारा स्मारकस्तंभावरील लेख काढून टाकण्यासाठी, तसेच ज्यूंना सिटीत दलालीचा व्यवसाय करता यावा यासाठी त्याने चळवळ केली होती. लोकहिताच्या कामात चिकाटी धरणारा, पण त्याबरोबरच कॉर्पोरेशनचे अंतरंग पुरते जाणणारा असा हा गृहस्थ होता. गरीब माणूस गलिच्छ वस्तीत राहतो तो आवडीने नव्हे. कामाच्या जागेपासून दूर राहण्यास लागणारा वेळ आणि पैसा त्याच्यापाशी नसतो म्हणून, हे त्याचे मूळ प्रमेय होते. १८४५ साली त्याने फ्लीट नदीच्या खोऱ्यातून शहरात शिरणाऱ्या लोहमार्गाची सूचना एका पुस्तिकेद्वारे मांडली. परंतु १८४६ च्या राजनियुक्त आयोगाने मध्य लंडनमध्ये लोहमार्ग आणण्यास प्रतिकूल मत दिले. परिणामी बहुतेक मोठी स्थानके शहराच्या कडेलाच राहिली आणि तेथून पुढची सर्व वाहतूक रस्त्यांवर कोसळू लागली.

ही वाहतूक केवढी होती हे पिअर्सनने मोजून दाखविले. १८५० नंतरच्या संसदीय चौकशीपुढे त्याने ठेवलेल्या गणनेनुसार दररोज सुमारे २,००,००० माणसे सिटीत पायी येत. ऑम्निबसने येणारी ४४,००० आणि खाजगी गाड्यांतून येणारी २६,००० होती. हे आकडे सामान्यतः रस्त्यांवरील गर्दीचा पुरावा म्हणून उद्धृत केले जातात. वस्तुतः त्यांतून निघणारा दुसरा अर्थ अधिक मोलाचा आहे. येणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक पायी येत असतील, तर त्यांची घरे चालून येण्याजोग्या अंतरातच असली पाहिजेत. आणि घरांची दाटी का होते याचे उत्तर त्याच अंतरात सापडते.

संसदेने १८५४ मध्ये लोहमार्गास संमती दिली. भांडवल मात्र जमेना, कारण क्रिमियाच्या युद्धामुळे पैसा महाग झाला होता. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १,७५,००० पौंड देऊ केले, तरीही काम अडलेलेच राहिले. अखेर पिअर्सनच्या खटपटीने सिटी कॉर्पोरेशनने २,००,००० पौंडांचे भाग घेतले तेव्हा गाडे पुढे सरकले. कॉर्पोरेशनचे हे औदार्य निर्हेतुक नव्हते. रस्ते मोकळे व्हावेत ही व्यापाऱ्यांची निकड होती. शिवाय फ्लीटच्या खोऱ्यात नव्या रस्त्यासाठी पूर्वीच साफ केलेली जमीन मोलावाचून पडून होती. पुढे हे भाग कॉर्पोरेशनने नफ्यात विकले. पिअर्सनने हा स्वार्थ ओळखून त्याचा उपयोग करून घेतला असे म्हणणेच न्याय्य ठरेल. पण अशा उपायाने उभी राहिलेली योजना भागधारकांची झाली, आणि श्रमिकांच्या घरांचे कलम त्यातून गळून पडले.

बांधकाम १८६० साली जॉन फाउलर या अभियंत्याच्या देखरेखीखाली सुरू झाले. रस्ता उकरून खोल चर खणावयाचा, त्यात विटांची कमान उभारावयाची आणि वर माती लोटून रस्ता पूर्ववत करावयाचा, अशी रीत होती. जून १८६२ मध्ये फ्लीटचे गटार फुटून मार्गात पाणी शिरले. गटाराच्या व इंजिनांच्या धुराच्या कथा इतिहासग्रंथांतून विपुल आढळतात. भाडेकरूंविषयीचा मजकूर मात्र त्या मानाने तुरळकच.

पॅडिंग्टनकडील बराचसा मार्ग रुंद राजरस्त्याखालून नेल्यामुळे तिकडे घरे फारशी पाडावी लागली नाहीत. परंतु किंग्ज क्रॉसपासून पुढे, क्लार्कनवेलच्या व फ्लीटच्या दाट वस्तीत, मार्ग घरांवरूनच गेला. लॉर्ड शाफ्ट्सबरीच्या आग्रहामुळे १८५३ साली उमरावांच्या सभागृहाने असा नियम केला होता की, एखाद्या पॅरिशमध्ये श्रमिकांची तीस किंवा अधिक घरे पाडली जाणार असतील तर कंपनीने रहिवाशांच्या संख्येचे निवेदन सादर करावे. मेट्रोपॉलिटनच्या बाबतीत अधिकृत आकडा ३०७ माणसांचा आहे. याउलट क्रिपलगेट येथील धर्मोपदेशक विल्यम डेंटन याने १८६१ साली गरिबांच्या विस्थापनावर पुस्तिका लिहिली. त्याचा अंदाज १,००० घरे व १२,००० माणसे असा होता.

या दोन आकड्यांमधील तफावत इतकी मोठी आहे की त्यांची सरासरी काढणे व्यर्थ होय. डेंटनच्या संख्येत रस्त्यासाठी झालेली पाडापाडी मिसळलेली असण्याचा संभव आहे. पण अधिकृत आकड्यावर विसंबणे त्याहून धोक्याचे आहे. निवेदन कंपनीच तयार करी. गणनेपूर्वी घरे रिकामी करून घेतली, तर त्यांतील माणसे गणनेत येतच नसत. शिवाय तिसाच्या मर्यादेखालील पाडापाडी नियमातून सुटे. एच. जे. डायॉस याने १९५५ व १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखांत ही निवेदने प्रथम पद्धतशीरपणे तपासली. १८५३ ते १९०१ या काळात त्यांत नोंदलेली विस्थापितांची संख्या सुमारे ७६,००० भरते, आणि तीही प्रत्यक्षाहून कमीच मानावी लागते.

घर गेलेली माणसे उपनगरांत का गेली नाहीत? आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्यास नुकसानभरपाईचा हक्क नव्हता. ती मालकास मिळे. गोदीत, बाजारात वा छोट्या कारखान्यात ज्याचे काम रोजच्या रोज ठरे त्याला पहाटे हजर असणे भाग होते, उधारी देणारा दुकानदार जवळ हवा असे, आणि बायकामुलांची किरकोळ कामेही त्याच परिसरात असत. त्यामुळे पाडलेल्या गल्लीतील कुटुंब शेजारच्या गल्लीत शिरे आणि तेथील खोलीत आणखी एका बिऱ्हाडाची भर पडे. दाटी कमी करण्यासाठी आखलेला मार्ग अशा रीतीने आपल्या वाटेवरची दाटी वाढवीत गेला.

पिअर्सनला हे पाहावयास मिळाले नाही. मार्ग खुला होण्यापूर्वी चार महिने, सप्टेंबर १८६२ मध्ये, तो निवर्तला. त्याने मोबदला नाकारला होता. कंपनीने त्याच्या विधवेस वार्षिक २५० पौंडांचे वेतन बांधून दिले. फाउलरला मेट्रोपॉलिटनकडून मिळालेली एकूण रक्कम १,५२,००० पौंड सांगतात, अर्थात तीतून सहाय्यकांचा खर्च वजा जाई.

पहिल्याच दिवशी सुमारे ३८,००० आणि पहिल्या वर्षात सुमारे ९५ लक्ष उतारूंनी या गाडीने प्रवास केला. तिसऱ्या वर्गाचे एकेरी भाडे तीन पेन्स होते. १८६४ साली पहाटेच्या ठराविक गाड्यांसाठी तेवढ्याच पैशांत जाण्यायेण्याचे श्रमिक-तिकीट मिळू लागले. त्याचा लाभ झाला तो मुख्यतः नियमित वेतन असलेल्या कारागिरास. घरे मात्र कंपनीने बांधली नाहीत. स्वस्त गाड्यांचे बंधनही प्रथम निरनिराळ्या कंपन्यांच्या कायद्यांतून आले : ग्रेट ईस्टर्नवर १८६४ च्या कायद्याने ते लादले गेले, आणि त्या मार्गावरील एडमंटन व वॉल्थमस्टो येथे श्रमिकांची मोठी वस्ती उभी राहिली. १८८३ च्या कायद्याने हे तत्त्व सार्वत्रिक झाले.

मेट्रोपॉलिटननेही पुढे घरांकडे लक्ष वळविले, पण फार उशिरा आणि निराळ्या ग्राहकांसाठी. वायव्येकडे ग्रामीण भागात मार्ग वाढविल्यावर कंपनीने १९१५ पासून 'मेट्रोलँड' या नावाने तेथील घरांची जाहिरात सुरू केली, आणि १९१९ मध्ये जमिनींच्या विकासासाठी संलग्न संस्था स्थापन झाली. गाडी आणि घरे यांची सांगड अखेर तेथे घातली गेली. ती घरे मात्र हप्त्यांनी विकत घेऊ शकणाऱ्या मध्यमवर्गासाठी होती.