हाली आणि कलदार : मंचेरियल परिसरातील बचतीचे दोन रुपये

गोदावरीच्या उत्तर काठावरील मंचेरियल १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि ब्रिटिश अमलाखालील चांदा जिल्ह्याची हद्द तेथून फार लांब नसल्यामुळे या भागात संस्थानाचा ‘हाली शिक्का’ आणि इंग्रज सरकारचा ‘कलदार’ अशा दोन रुपयांची गाठ पडत असे. १९२९ च्या सुमारास काझीपेठ–बल्लारशा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर तर ती रोजचीच झाली. अशा मुलखात पैसा शिल्लक टाकणाऱ्यापुढे किती साठवावे याइतकाच कोणता रुपया साठवावा हाही प्रश्न होता.

सात हाली म्हणजे सहा कलदार, हा रूढ दर. एका कलदारापोटी एक रुपया, दोन आणे, आठ पै हाली मोजावे लागत (सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा). हा हिशेब किचकट असला तरी मनमानी नव्हता. चारमिनार छापाच्या हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम व त्यात शेकडा ८१.८ चांदी, तर कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम व त्यात शेकडा ९१.७ चांदी, म्हणजे निव्वळ चांदी अनुक्रमे ९.१४ आणि १०.६९ ग्रॅम भरते, आणि हे प्रमाण सातास सहाच्या अगदी जवळ येते. शिवाय कलदार बरोबर एक तोळ्याचा असल्याने तराजूच्या पारड्यात तो वजन म्हणूनही चाले. गाडग्यात पुरलेला असा रुपया म्हणजे केव्हाही मोडता येईल अशी चांदीच होती, आणि बँक दूर असलेल्या कुटुंबाची ही निवड पूर्ण शहाणपणाची मानली पाहिजे.

१९४० मध्ये इंग्रज सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणल्यावर जुने राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरियाची मुद्रा असलेले, रुपये खर्चात काढणे तोट्याचे ठरले. संस्थानाच्या नोटा १९१८ पासून निघत होत्या व त्यांवर उर्दू, तेलुगू, कन्नड यांबरोबर मराठीतही रक्कम छापलेली असे. परंतु नोटेत स्वतः चांदी नव्हती, तिचे मोल सरकारच्या शब्दावर टिकून होते.

विलीनीकरणानंतर १९५० मध्ये भारतीय रुपया सातास सहा याच दराने हालीच्या जोडीला आला, पुढच्या वर्षी हाली काढणे थांबले आणि १९५९ मध्ये ते चलन रद्द झाले. त्यानंतर ज्यांच्या घरी संस्थानी नोटा राहिल्या त्यांच्या हाती कागद उरला, तर जुन्या हाली रुपयांना सराफाकडे चांदीच्या भावाने मोल मिळण्याची सोय कायम राहिली.