शेजाऱ्यांचे कायदे वाचताना: पिंपरी कॅम्प ते चाकण

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका असे पाच रकाने आणि खाली बालसंरक्षणाचे कायदे, साल, वयोमर्यादा, हेल्पलाइन. दिसायला एकदम मस्त. गाईडनी तो दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, "चाकणच्या हॉटेलात कप धुणारं पोर यात कुठे बसतं?" मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस पुन्हा लिहावा लागला. त्या फजितीतून जे शिकलो ते पेटची तयारी करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

पाच देश म्हणजे पाच उदाहरणं नव्हेत

पहिली चूक इथे होते. आपण प्रत्येक देश स्वतंत्र धरतो. पण ब्रिटनमध्ये १९०८ साली बालकांचा कायदा झाला, आणि त्याच वळणावर मद्रासने १९२०, बंगालने १९२२ आणि मुंबई इलाख्याने १९२४ साली आपापले कायदे केले. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. म्हणजे १९२४ साली पुणे आणि कराची एकाच विधिमंडळाखाली होते.

फाळणीनंतर सिंधमधली बरीच कुटुंबं पिंपरीच्या निर्वासित छावणीत आली. आज आपण कपडे घ्यायला जातो तो पिंपरी कॅम्प हाच. माणसं इकडे आली, आणि दोन्हीकडच्या सरकारांनी पुढे आपापल्या वाटेने कायदे केले: मुंबईने १९४८ साली, सिंधने १९५५ साली. पूर्व बंगालचा बांगलादेश झाल्यावर तिथे १९७४ साली नवा बालक कायदा आला. श्रीलंका वेगळी वसाहत होती, तिचा अध्यादेश १९३९ चा. नेपाळ मात्र ब्रिटिश राज्यात कधीच नव्हता. त्याने १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला मान्यता दिली आणि १९९२ साली बालक कायदा केला.

याचा अर्थ काय? पुणे आणि कराचीच्या कायद्यांत साम्य सापडलं, तर "दोन देश एकाच निष्कर्षाला आले" असं लिहू नका. तो वारसा आहे. नेपाळशी साम्य सापडलं तर मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण ते दुसऱ्या वाटेने आलेलं असतं.

"मूल" म्हणजे कोण?

दुसरा सापळा शब्दांचा. भारताच्या १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलगा १६ पर्यंत आणि मुलगी १८ पर्यंत अल्पवयीन होती. २००० साली दोघांसाठी १८ झालं. बांगलादेशात १९७४ च्या कायद्यात १६ होतं, २०१३ साली १८ झालं. नेपाळनेही १६ वरून १८ वर जायला २०१८ उजाडलं. तेव्हा १९९५ सालचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर वेगवेगळ्या वयाची मुलं मोजली जातात. कामाचं किमान वय तर आणखी वेगळं: भारतात १४, श्रीलंकेत २०२१ पासून १६, पाकिस्तानात सिंधमध्ये १४ आणि पंजाबमध्ये १५.

गेटच्या आत, गेटच्या बाहेर

आता गाईडच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. किमान वय ७, आणि तोही फक्त यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना लागू. १८९१ साली वय ९ आणि कामगारसंख्या ५० झाली. १९४८ च्या कायद्याने वय १४ केलं आणि वीज वापरणाऱ्या १० कामगारांच्या कारखान्यापर्यंत कायदा आणला. वय वाढलं, जाळं बारीक झालं, पण मूळ पद्धत तीच राहिली: आधी माणसं मोजा, मग मूल बघा. जिथे मोजायला माणसंच कमी, तिथलं मूल सुटलं.

याची किंमत बांगलादेशात दिसली. अमेरिकेत बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारं विधेयक चर्चेत आल्यावर, १९९३ च्या सुमारास ढाक्यातल्या कपडा कारखान्यांनी घाईने हजारो मुलं काढून टाकली. कारखाने स्वच्छ झाले. मुलं शाळेत गेली नाहीत. बरीचशी दगड फोडण्यासारख्या वाईट कामांकडे वळली. मग जुलै १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आयएलओ आणि युनिसेफ यांच्यात करार झाला, आणि मुलाला काढायचं तर त्याची शाळेची आणि विद्यावेतनाची सोय करायची असं ठरलं.

हे वाचलं आणि चाकण वेगळं दिसायला लागलं. मोठ्या वाहन कंपनीच्या गेटवर आधार कार्ड बघतात, ऑडिट होतं. पण त्याच रस्त्यावर ढाबे आहेत, भंगारची दुकानं आहेत, बांधकामाच्या साइट आहेत, थोडं आत गेलं की वीटभट्ट्या. संशोधकाने गेटच्या आत मूल नाही एवढंच नोंदवलं, तर तो ढाक्यातलीच चूक परत करतो.

मूल कुणाच्या दारात जातं?

श्रीलंकेने १९९८ साली कायदा करून राष्ट्रीय बालसंरक्षण प्राधिकरण नेमलं. नंबर १९२९. पाकिस्तानात २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीनंतर विषय प्रांतांकडे गेला. भारतात कायदा केंद्राचा, निर्णय जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा. १०९८ ही हेल्पलाइन मुंबईत १९९६ साली सुरू झाली. आज हाच नंबर बांगलादेश आणि नेपाळमध्येही आहे. नंबर सारखा, पण फोन उचलल्यावर पुढे काय होतं ते तिन्हीकडे वेगळं.

चाकणचंच बघा. पोलीस २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, बालकल्याण समिती पुणे जिल्ह्याची, बालमजुरीची तपासणी राज्याच्या कामगार खात्याची, आजूबाजूच्या गावांतल्या शाळा जिल्हा परिषदेच्या. तेच कुटुंब भोसरीला राहायला गेलं की शाळा महापालिकेची. साइट बदलली की बाप बिऱ्हाड हलवतो, आणि मुलाची फाइल मागे राहते.

म्हणून आता माझ्या तक्त्यात देशांचे रकाने नाहीत. एक मूल घेतो, वय १३, हॉटेलात काम करणारं. त्याला कोण पाहतं, कोण नोंदवतं, कोण निर्णय घेतं, सहा महिन्यांनी कोण चौकशी करतं? हेच चार प्रश्न चाकण, कराची, ढाका, काठमांडू आणि कोलंबोसाठी विचारतो. कायद्याचं पुस्तक पहिल्या तीन प्रश्नांना बहुतेक उत्तर देतं. चौथ्यासाठी स्वतः जाऊन बसावं लागतं.

तुम्हीही विषय निवडताना "तुलनात्मक अभ्यास" हे शब्द शीर्षकात टाकण्याआधी एवढं करा: तुमच्या तक्त्यात एक खरं मूल बसवून बघा. बसलं नाही, तर तक्ता बदला.