शेनिए: एकशेचाळीस दिवस आणि बेचाळीस तास

७ मार्च १७९४. १४० दिवस बाकी.
पॅरिसला लागून असलेलं पासी गाव. क्रांती समितीची माणसं एका घरात शिरतात. त्यांना पास्तोरे नावाच्या सरदार घराण्यातल्या बाईला पकडायचं असतं. ती सापडत नाही. पाहुणा म्हणून आलेला ३१ वर्षांचा कवी आंद्रे शेनिए सापडतो. त्याच्या नावाचं वॉरंट नसतं, तरी संशयित म्हणून त्याला धरतात. लक्झेंबर्ग तुरुंगाचा अधिकारी कागदपत्रं अपुरी म्हणून त्याला आत घेत नाही. तिथे सुटका होऊ शकली असती. होत नाही. रवानगी सेंट-लाझारला.

मार्च ते मे.
धाकटा भाऊ मारी-जोझेफ नाटककार आहे, राष्ट्रीय परिषदेचा सदस्यही. आंद्रेचं नाव कुणाच्या कानावर न जाणंच बरं, असं त्याचं मत. म्हातारे वडील मात्र अर्ज करत राहतात. या अर्जांमुळेच विस्मरणात गेलेला कैदी पुन्हा नजरेत आला, असं सांगितलं जातं.

१० जून. ४५ दिवस बाकी.
नवा कायदा. आरोपीला वकील नाही, निकाल दोनच: निर्दोष किंवा मृत्युदंड.

शेनिए लिहितोच आहे. कागदाच्या अरुंद पट्ट्या, मुंगीसारखं बारीक अक्षर, जागा वाचवायला तोडलेले शब्द. धुवायच्या कपड्यांत लपवून त्या बाहेर जातात. ज्यांच्या हातात त्याचा जीव आहे, त्यांच्यावरच या ओळी तुटून पडतात. एक पट्टी पकडली गेली असती तरी पुरे होतं.

१७ जुलै. ८ दिवस बाकी.
सहकैदी चित्रकार सुवे त्याचं तैलचित्र पुरं करतो.

२४ जुलै. १ दिवस बाकी.
कैद्यांनी तुरुंगात कट रचला, असा आरोप. खबऱ्यांनी दिलेल्या याद्यांवरून सेंट-लाझारची पहिली तुकडी गिलोटिनवर जाते. शेनिएला काँसिएर्जरी तुरुंगात हलवतात.

२५ जुलै, सकाळ.
आरोपपत्रात शेनिए उत्तर सेनेतला माजी लष्करी अधिकारी ठरतो. ती कारकीर्द त्याचा भाऊ सोव्हरची. दोन भावांचे कागद एकत्र झालेत. ज्या न्यायालयाला माणूस कोण हेही तपासायला सवड नाही, त्याला मी न्यायालय म्हणणार नाही.

सायंकाळ, ६ च्या सुमारास.
गाड्या पूर्वेच्या वेशीवर, उलथलेल्या सिंहासनाच्या चौकात पोचतात. त्याच दिवशी कवी रुशे आणि बॅरन ट्रेंकही मारले जातात.

इथे थोडं थांबायला हवं. उंबेर्तो जिओर्दानोची ‘आंद्रेआ शेनिए’ ही संगीतिका २८ मार्च १८९६ रोजी मिलानच्या ला स्कालात रंगमंचावर आली. लुईजी इल्लिकाच्या संहितेत कवी पहाटे मरतो. प्रेयसी माद्दालेना दुसऱ्या कैदी बाईच्या जागी स्वतःहून त्याच्यासोबत जाते. मैफलीच्या रूपात, नेपथ्याविना, हा शेवट ऐकताना दोन आवाज आणि वाद्यवृंद एवढंच उरतं, आणि मरण विजयासारखं वाटू लागतं. ते सूर मला फार प्रिय आहेत. पण खऱ्या शेनिएसोबत माद्दालेना नव्हती, आणि ती वेळ पहाटेची नव्हती.

२६ जुलै.
सेंट-लाझारची तिसरी तुकडी गिलोटिनवर. राष्ट्रीय परिषदेत या दहशतीच्या राजवटीचा म्होरक्या रोबेस्पिएर सुमारे दोन तास बोलतो. गद्दार कोण, त्यांची नावं घेत नाही. मग प्रत्येकाला आपलंच नाव दिसू लागतं.

२७ जुलै, दुपारी १२ च्या सुमारास. शेनिएनंतर ४२ तास.
रोबेस्पिएरचा साथीदार सेंट-जुस्त परिषदेत भाषणाला उभा राहतो. त्याला बोलू देत नाहीत. दुपार संपण्याआधी रोबेस्पिएरच्या अटकेचा ठराव होतो. त्या संध्याकाळीही गाड्या त्याच चौकाकडे जातात. थांबवायचा हुकूम कुणी काढलेला नसतो.

२८ जुलै, सायंकाळ.
रोबेस्पिएर गिलोटिनवर.

सोव्हर वाचला, सुवेही वाचला. वडील दहा महिन्यांनी वारले. सहा आठवड्यांत त्या चौकात मारलेल्या १,३०६ जणांना पिक्पुसच्या बागेतल्या दोन खड्ड्यांत पुरलं. त्यांत शेनिए आहे. त्याच्या कवितांचा पहिला संग्रह १८१९ साली निघाला.