सात सह्या

सिंदेवाहीच्या एका धान गिरणीत माझा बाप हमाल. पोतं याच्या पाठीवर, मजुरी मालकाच्या मर्जीवर. 1979 साली सात जणांनी युनियनच्या कागदावर सह्या-अंगठे केले. दुसऱ्या दिवशी सातही फाटकाबाहेर. माय म्हणाली, "कागदावर नाव कायले देलं?"

हे सात कुठून आले, मला उशिरा कळलं. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यानं सात जणांना नोंदणी मागता येई. पण मालकानं त्या युनियनशी बोललंच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. गोम तिथंच.

मित्रांनो, 16 ऑक्टोबर 1956 ला चांद्यात दीक्षा देणारे बाबासाहेब आपल्याला पाठ आहेत. मजुरांचे बाबासाहेब आपण वाचतो का? 1938 च्या औद्योगिक तंटा विधेयकानं संप गुन्हा ठरू लागला, तेव्हा ते विधिमंडळात म्हणाले, मर्जीविरुद्ध राबवणं ही गुलामीच. 7 नोव्हेंबरला मुंबईत संप झाला, गोळीबार झाला. 1943 मध्ये मजूर खात्याचे सदस्य असताना, युनियनला मान्यता मालकावर बंधनकारक करणारं विधेयक त्यांनी मांडलं. 1947 ला तशी दुरुस्ती पास झाली, पण अंमलात कधीच आली नाही! कागद पास, मजूर नापास.

महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानं युनियन केली म्हणून कामावरून काढणं ही अनुचित प्रथा ठरवली. 1975 पासून तो लागू होता. म्हणजे बापाला काढलं तेव्हा कायदा होताच. कोर्टाची वाट सांगणारा कोणी नव्हता.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता आली, 1926 चा कायदा गेला. सातचा आकडा तिच्यातही आहे.

बापाचा कागद पेटीत आहे. तीन सह्या, चार अंगठे.