अंश आणि छेद

१३ ऑक्टोबर १९९४ रोजी नेटस्केपच्या ब्राउझरची चाचणी-आवृत्ती लोकांच्या हाती पडली, तेव्हा तिच्या पोटात लू माँटुली या अभियंत्याने योजलेली एक अगदी क्षुल्लक दिसणारी सोय होती: संकेतस्थळाने भेटीस आलेल्याच्याच संगणकावर अक्षरांची एक चिठ्ठी ठेवावी, आणि तोच पुन्हा आला म्हणजे ती चिठ्ठी मागून घेऊन त्याची ओळख पटवावी. वेबची मूळ रचनाच अशी, की सर्व्हरच्या लेखी प्रत्येक मागणी ही पहिलीच मागणी असते. त्याला पूर्वस्मृती नाही, आणि पूर्वस्मृतीवाचून गिऱ्हाइकाने निवडलेला माल पैसे चुकते करण्याच्या क्षणापर्यंत त्याच्या नावे राहणे शक्य नाही. ही व्यापारी अडचण निवारण्यासाठी ‘कुकी’ नावाची ही चिठ्ठी जन्मास आली. परंतु प्रयोगशाळेबाहेर तिला जे पहिले काम मिळाले, ते मालाचे नव्हते. नेटस्केपच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आलेला मनुष्य नवा की पूर्वी येऊन गेलेला, एवढेच तिने सांगावयाचे होते. विक्रीचा हिशेब मागाहून आला; माणसांची मोजदाद आधी सुरू झाली.

पुढे अ‍ॅफिलिएट मार्केटिंग या नावाने जो धंदा फोफावला, म्हणजे आपल्या पानावरून दुसऱ्याच्या दुकानाकडे गिऱ्हाईक पाठवावे आणि विक्री झाली तर ठरलेली दलाली घ्यावी असा जो व्यवहार रूढ झाला, त्याचे सारे विश्लेषण अखेर एका अपूर्णांकावर येऊन ठेपते. वर विक्रीची संख्या, खाली आलेल्या माणसांची संख्या. भागाकार केला की कन्व्हर्जन रेट हाती येतो. या अपूर्णांकातला अंश बळकट आहे, कारण तो व्यापाऱ्याच्या जमाखर्चात रुजू होतो आणि त्याच्यामागे खरा पैसा असतो. छेदाची गोष्ट तशी नाही. छेदात माणसे आहेत असे सर्वजण म्हणतात. प्रत्यक्षात तेथे माणूस कधीच नव्हता, त्याची कोणती तरी खूण होती, आणि या शास्त्राचा इतिहास पाहू गेले असता तो मुख्यत्वे ती खूण कोणती मानावी याविषयीच्या तडजोडींचा इतिहास आहे, असे मला वाटते.

कुकीपूर्वीची खूण म्हणजे सर्व्हरच्या दप्तरातली ओळ. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या घटकेस, कोणती फाइल मागितली गेली, ती देता आली की नाही आणि तिचा आकार किती, एवढा मजकूर त्या ओळीत असे. प्रत्येक ओळ म्हणजे एक ‘हिट’. एका पानावर दहा चित्रे असली तर ते पान एकदाच उघडणारा एकच मनुष्य अकरा हिट नोंदवून जाई, आणि संकेतस्थळाचा मालक त्या अकरांचा डांगोरा मोठ्या अभिमानाने पिटत असे. पानावर आणखी चार चित्रे टाकली की लोकप्रियता वाढली, असा हा सोपा मार्ग होता. पत्त्यांची मोजणी करावी तर तीही फसवी. एखाद्या महाविद्यालयातील शेकडो विद्यार्थी एकाच पत्त्याआडून बाहेर पडत. उलट टेलिफोनवरून जोडणी घेणाऱ्या एकाच गृहस्थाला दर संध्याकाळी नवा पत्ता मिळे. त्यातच अमेरिका ऑनलाइनसारख्या मोठ्या जाळ्यांनी लोकप्रिय पानांच्या प्रती स्वतःजवळ साठवून ठेवण्याची व्यवस्था केल्यामुळे कित्येक पाने वाचली जात आणि मूळ सर्व्हरला त्याची वार्ताही लागत नसे. अशा रीतीने एकाच दप्तरात एकाच वेळी संख्या वाढवणारी आणि घटवणारी अशी दोन्ही कारणे नांदत होती, आणि कोणते कारण कोणावर मात करते हे त्या दप्तरावरून ठरवता येत नव्हते. केंब्रिज येथील स्टीफन टर्नर यांनी १९९५ मध्ये ‘अ‍ॅनालॉग’ नावाचा दप्तर-तपासणीचा प्रोग्रॅम लोकांना विनामूल्य दिला आणि तो जगभर वापरला गेला. परंतु भेट देणारी माणसे किती, हे या दप्तरावरून कळूच शकत नाही, असे त्यांनी त्याच्या माहितीपत्रकात स्वच्छ बजावून ठेवले होते. मापाचे साधन करणाऱ्यानेच त्या साधनाची मर्यादा इतक्या निःसंकोचपणे सांगावी, हा प्रकार या क्षेत्रात पुढे फारसा आढळत नाही.

जाहिरातीच्या जुन्या धंद्याला ही अडचण अपरिचित नव्हती. वृत्तपत्रांच्या खपाचे आकडे तपासण्यासाठी अमेरिकेत १९१४ मध्ये आणि आपल्याकडे १९४८ मध्ये ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था स्थापन झाली. पण ती मोजी त्या प्रती, वाचक नव्हे. ज्या भूमीत ‘केसरी’चा एक अंक एकाने मोठ्याने वाचावा आणि भोवती बसलेल्या अनेकांनी ऐकावा असा प्रघात होता, तेथे प्रत आणि वाचक यांतील अंतर कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकन व्यापाऱ्यांनी या पेचातून फार धूर्त वाट काढली होती. ते प्रत्येक वृत्तपत्रातील जाहिरातीच्या कुपनावर निरनिराळी खूण छापीत, म्हणजे परत आलेले कुपन कोणत्या पत्रातील ते आपोआप कळे. आणि मग, येथे त्यांचे शहाणपण दिसते, ते आलेल्या मागण्यांना वाचकांच्या संख्येने भागीतच नसत, तर जाहिरातीचा खर्च मागण्यांच्या संख्येने भागीत. एक गिऱ्हाईक किती डॉलरांना पडले, एवढेच त्यांना हवे होते. क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ या छोटेखानी पुस्तकाचा सारा डोलारा याच हिशेबावर उभा आहे. अनिश्चित राशी समीकरणात येऊच द्यावयाची नाही, ही त्या पिढीची रीत होती. माणसांनी भागण्याचा मोह वेबने उत्पन्न केला.

हा मोह प्रथम कोणाला झाला, हे पाहण्यासारखे आहे. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या वेब-नियतकालिकाने आपल्या पानांवर जाहिरातीच्या पट्ट्या झळकवल्या, तेव्हा दाम पट्टी दाखवण्याचे होते. १९९६ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने याहूशी करार केला तो मात्र क्लिकवर पैसे देण्याचा. पाहणारे कितीही असोत, पट्टी दाबून आत आले त्यांचेच दाम मिळेल, असा तो पवित्रा होता. अ‍ॅफिलिएट व्यवहाराने याच्याही पुढे पाऊल टाकले आणि विक्री होईपर्यंत छदामही द्यावयाचा नाही असे ठरवले. या क्रमात जोखीम हळूहळू व्यापाऱ्याच्या खांद्यावरून उतरून प्रकाशकाच्या खांद्यावर येऊन बसली, आणि जोखमीबरोबर छेदाची चिंताही त्याच्याकडे गेली. विक्रीवर टक्केवारी देणाऱ्या व्यापाऱ्याला शंभर माणसे आली की दहा हजार, याच्याशी फारसे कर्तव्य उरत नाही. ज्याने ती माणसे स्वतःच्या खर्चाने अथवा श्रमाने आणली, त्याला मात्र त्यांतील किती फळास आली याचा ध्यास लागतो. पट्ट्यांचे भाडे घेणाऱ्याला छेद मोठा दिसावा अशी इच्छा होती. दलाली घेणाऱ्याला तो खरा असावा अशी.

या व्यवहाराचा आरंभ वेबच्याही आधीचा आहे. विल्यम टोबिन यांनी ‘पीसी फ्लॉवर्स अँड गिफ्ट्स’ ही फुले पोचवणारी पेढी १९८९ मध्ये प्रॉडिजी या वर्गणीदारांच्या जाळ्यावर सुरू केली. तेथे प्रत्येकजण आपले नाव सांगूनच आत येत असल्यामुळे कोण आला हा प्रश्नच उद्भवत नसे. ती चैन खुल्या वेबला कधी लाभली नाही. वेबवर ऑलिम बंधूंच्या ‘सीडीनाउ’ या संगीताच्या दुकानाने १९९४ च्या नोव्हेंबरात ‘बायवेब’ योजना काढली, आणि जुलै १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ‘असोसिएट्स’ योजना सुरू केली. पुस्तकाविषयी लिहिणाऱ्या कोणीही आपल्या पानावर दुवा द्यावा, दुव्याच्या शेपटाला त्याची सांकेतिक संज्ञा असावी, आणि विक्री झाल्यास ती त्या संज्ञेच्या नावे जमा व्हावी, इतकी ही रचना साधी होती. तरीही अ‍ॅमेझॉनने २७ जून १९९७ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २२ फेब्रुवारी २००० रोजी ते मिळवलेही. १९९८ मध्ये निघालेल्या ‘कमिशन जंक्शन’सारख्या मध्यस्थ पेढ्यांनी शेकडो व्यापारी आणि हजारो दलाल एका छताखाली आणले, आणि तेथे दर शंभर क्लिकमागे सरासरी प्राप्ती किती, हा आकडा प्रत्येक व्यापाऱ्याच्या नावापुढे लागू लागला. दलालांनी व्यापारी निवडावा तो याच आकड्याकडे पाहून.

तथापि आकडा कोणता, हे छेदावरच अवलंबून. शंभर माणसे मिळून एकशे साठ वेळा आली आणि दहा खरेद्या झाल्या, तर माणसांवर भागून दर दहा टक्के पडतो आणि भेटींवर भागून सव्वासहा. दोन्ही खरे, आणि दोहोंपैकी सोयीचा तेवढा पुढे करणे कोणालाही शक्य. शिवाय भेट म्हणजे काय? अर्धा तास काही हालचाल झाली नाही तर भेट संपली असे समजावे, हा संकेत आज सर्वत्र रूढ आहे. १९९५ मध्ये जॉर्जिया टेक येथील लारा कॅटलेज आणि जेम्स पिटको यांनी ब्राउझर वापरणाऱ्यांच्या दोन कृतींमधील अंतराची सरासरी ९.३ मिनिटे काढली, तीत प्रमाण-विचलनाची दीडपट मिळवून २५.५ मिनिटांची सीमा सुचवली, आणि पुढच्यांनी तिची सोयीस्कर तीस करून टाकली. एका विद्यापीठातील एका प्रयोगाचे हे अपत्य आज जगातील दुकानदारीची भेट ठरवते. अनन्य अभ्यागतांचे गणित तर याहून विचित्र, कारण ते बेरजेला दाद देत नाही: सोमवारचे आणि मंगळवारचे अभ्यागत मिळवले तर दोन्ही दिवशी आलेला मनुष्य दोनदा मोजला जातो, म्हणून महिन्याचा आकडा तीस दिवसांच्या आकड्यांवरून काढता येत नाही, तो मुळातूनच नव्याने मोजावा लागतो. मोठ्या संकेतस्थळांना हे ओझे पेलेना, तेव्हा फिलिप फ्लाझोले या फ्रेंच गणितज्ञाने सहकाऱ्यांसह २००७ मध्ये मांडलेल्या ‘हायपरलॉगलॉग’ रीतीने अत्यल्प जागेत अंदाजी, परंतु सामान्यतः अदमासे दोन टक्क्यांनीच चुकणारा आकडा काढण्याची प्रथा पडली.

दोन टक्क्यांची ती चूक, खरे सांगावयाचे तर, नगण्य होती. एप्रिल २००५ मध्ये गूगलने सॅन डिएगोची ‘अर्चिन’ ही विश्लेषण करणारी कंपनी विकत घेतली आणि नोव्हेंबरात ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’ म्हणून ते साधन सर्वांना फुकट खुले केले. दुव्यांच्या शेपटांना आजही जी ‘यूटीएम’ अक्षरे डकवलेली दिसतात, त्यांतले पहिले अक्षर या अर्चिनचे. हौशी लेखकापासून पेढीवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या पुढ्यात रोज सकाळी आलेख उमटू लागले, आणि त्यांच्या दशांशचिन्हापुढच्या अंकांनी एक प्रकारची भाविकता उत्पन्न केली. २००७ मध्ये ‘कॉमस्कोर’ने प्रसिद्ध केले की अमेरिकेतील घरगुती वापरकर्त्यांपैकी ३१ टक्के लोक महिनाभरात कुकी पुसून टाकतात, आणि त्यामुळे अभ्यागतांची संख्या अडीचपटीपर्यंत फुगू शकते. कॉमस्कोर स्वतः निवडक कुटुंबांच्या निरीक्षणावरून आकडे काढून विकणारी, म्हणजे प्रतिपक्षाचीच साक्षीदार. पण साक्षीदार पक्षपाती असला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. छेद अडीचपट फुगला की कन्व्हर्जनचा दर अडीच पटीने खाली येतो, आणि बिचारा दलाल आपल्या लेखनाला अथवा व्यापाऱ्याच्या मालाला दोष देत बसतो.

अंशावरही एक सावट होतेच. दलाली कोणाला द्यावयाची याचा निर्णय शेवटच्या क्लिकवर करावयाचा, आणि तोही मुदतीच्या आत, असा बहुतेक करारनाम्यांचा दंडक. अ‍ॅमेझॉनची मुदत चोवीस तासांची, इतरत्र तीस दिवसही. या दंडकाचा परिणाम असा, की गिऱ्हाइकाच्या संगणकावर आपली कुकी शेवटची असली म्हणजे पुरे, मग ती कशीही जावो. क्लिक नसतानाच गुपचूप कुकी पेरण्याचा जो उद्योग निघाला, त्यापायी ईबेच्या योजनेतील दोन मोठ्या दलालांवर प्रथम २००८ मध्ये दिवाणी फिर्याद आणि २०१० मध्ये फौजदारी आरोप दाखल झाले. २०१४ मध्ये एकास पाच महिन्यांची आणि दुसऱ्यास पंधरा महिन्यांची कैद झाली. त्यांच्या नावे जमा झालेल्या खरेद्या खोट्या नव्हत्या. माणसे खरोखरच ईबेवर गेली, त्यांनी खरोखरच पैसे दिले. खोटे होते ते एवढेच, की त्यांना कोणी तेथे पाठवले होते.

इतकी वर्षे हा सारा डोलारा ज्या चिठ्ठीवर उभा राहिला, तिच्याविषयीची कुरबुर मात्र पहिल्यापासून होती. १९९६ च्या फेब्रुवारीत ‘फायनान्शियल टाइम्स’ने कुकीचे अस्तित्व सामान्य वाचकांच्या नजरेस आणले, आणि पुढच्या फेब्रुवारीत तांत्रिक मंडळाने प्रसिद्ध केलेल्या विनिर्देशाने परक्या संकेतस्थळाच्या कुकी मुळात बंदच ठेवाव्यात असे सुचवले; परंतु मोठ्या ब्राउझरांनी ती सूचना बासनात गुंडाळली. दोन दशकांनी, २०१७ मध्ये, अ‍ॅपलच्या सफारीने अशा कुकींवर बंधने घातली आणि मार्च २०२० मध्ये त्या पूर्ण अडवल्या. मे २०१८ पासून युरोपच्या नव्या विदासंरक्षण कायद्याने संमतीचा प्रश्न ऐरणीवर आणला. गूगलने २०२० च्या जानेवारीत क्रोममधून त्या हद्दपार करण्याची घोषणा केली, मुदती पुढे पुढे ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत मागे घेतला. दरम्यान संमती न देणाऱ्यांचे वर्तन दिसेनासे झाल्यामुळे, संमती देणाऱ्यांवरून त्यांचा अदमास करून ‘मॉडेल्ड कन्व्हर्जन’ या नावाने ती उणीव भरून काढण्याची सोय विश्लेषणाच्या साधनांत आली. म्हणजे आता अहवालातला अंशही अनुमानाच्या खात्यात जाऊ लागला. दलाली मात्र अनुमानावर मिळत नाही: परत केलेला माल वजा करण्यासाठी व्यापारी ती रक्कम काही आठवडे प्रलंबित ठेवतो, स्वतःच्या दप्तरात पडताळतो आणि जेवढी मंजूर होईल तेवढीच दलालाच्या नावे जमा करतो.