शाळा चालवणारा माणूस

डब्ल्यू. बी. येट्सची 'ईस्टर, १९१६' ही कविता इंग्रजी साहित्याच्या वर्गात शिकवताना आम्ही टिपांपाशी नेहमी थोडी घाई केली आहे. उठावात मारल्या गेलेल्या माणसांची कवी एकेक करून ओळख करून देतो. त्यांतल्या एकाची ओळख एवढीच की तो शाळा चालवत असे आणि कविता करत असे. टीप सांगते : हा पॅट्रिक पिअर्स, उठावाचा नेता, ३ मे १९१६ रोजी किल्मेनहॅम तुरुंगात गोळ्या घालून ठार. मग आपण कवितेच्या प्रसिद्ध ध्रुवपदाकडे वळतो आणि शाळा मागे राहते.

पुढे लक्षात आले की आयर्लंडच्या इतिहासातही साधारण हेच घडले. हुतात्मा इतका मोठा झाला की त्याच्यामागे शिक्षक दिसेनासा झाला. पिअर्सचे शिक्षणविषयक विचार त्याच्या देशाने गौरवले, पण त्यांतला शिक्षकाच्या कामाविषयीचा भाग मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवला. हा लेख त्या बाजूला पडलेल्या भागाविषयी आहे.

पिअर्सचा जन्म १८७९ चा, डब्लिनचा. वडील इंग्लंडहून आलेले दगडकाम करणारे शिल्पी, आई आयरिश. तो ज्या शिक्षणव्यवस्थेत वाढला तिचे दोन मजले होते. खालच्या मजल्यावर १८३१ साली सुरू झालेल्या 'नॅशनल स्कूल्स', म्हणजे प्राथमिक शाळा. त्यांनी साक्षरता पसरवली हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती इंग्रजीतून पसरवली. ज्या मुलांच्या घरी आयरिशखेरीज दुसरी भाषा कानावर पडत नव्हती, तीही इंग्रजी क्रमिक पुस्तकांवरच अक्षरे गिरवू लागली. मुलाच्या गळ्यात लाकडाची कांडी अडकवायची, ते आयरिश शब्द बोलले की तीवर खाच पाडायची आणि खाचा मोजून छड्या मारायच्या, ही चाल त्या काळच्या अनेक आठवणींत नोंदलेली आहे. तिला पुष्कळदा आईबापांचीही संमती असे. कारण बोट पकडून अमेरिकेला जायचे तर इंग्रजी हवी.

१८७२ साली ह्या शाळांना 'निकालावर वेतन' हे तत्त्व लागू झाले. इन्स्पेक्टरने यायचे, एकेका मुलाची वाचन, लेखन, गणितात परीक्षा घ्यायची आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील त्या मानाने शिक्षकाच्या पदरात पैसे पडायचे. कल्पना मूळची इंग्लंडची, १८६२ ची. तिथे तिला कडाडून विरोध करणारा एक शाळा-इन्स्पेक्टर होता आणि तो आपल्या परिचयाचा आहे : मॅथ्यू आर्नल्ड. कवी आणि समीक्षक म्हणून आपण त्याला वाचतो. परंतु त्याने सुमारे पस्तीस वर्षे शाळा तपासण्याची नोकरी केली आणि ह्या पद्धतीने अध्यापन यांत्रिक होते, असे तो सतत लिहीत राहिला.

वरच्या मजल्यावर माध्यमिक शिक्षण. १८७८ च्या कायद्याने त्यासाठी एक मंडळ नेमले आणि त्याच्या हाती एकच मोठे हत्यार दिले : सार्वजनिक परीक्षा. परीक्षेत चमकणाऱ्या मुलाला रोख बक्षीस आणि त्याच्या शाळेला निकालाप्रमाणे पैसे. जॉइसच्या 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन'मध्ये स्टीफनला तेहतीस पौंड मिळतात आणि तो घरच्यांना नाटकांना नेण्यात, खाण्यापिण्यात ते उडवतो, तो पैसा ह्याच यंत्रातून आलेला आहे. स्वतः जॉइसनेही अशी बक्षिसे मिळवली होती.

इथे महाराष्ट्राचा उल्लेख करणे ओढूनताणून होणार नाही. हीच पद्धत त्याच सुमारास मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी वापरली जात होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले ह्यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्यांच्यात जाऊन केवळ निकालाच्या भरवशावर कोणता शिक्षक शाळा काढील? त्याचे पोट त्यावर कसे भरेल? असा त्यांचा आशय होता. शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा-वीस असावा, अशी मागणीही त्यांनी त्याच निवेदनात केली. फुले आणि पिअर्स ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, भूमिकाही सारख्या नाहीत. पण एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना शाळा चालवणाऱ्या दोन माणसांना एकच गोष्ट दिसली : निकालाला पैसे बांधले की सर्वांत आधी दुबळे मूल वाऱ्यावर सुटते आणि त्याच्यापाठोपाठ त्याचा शिक्षक.

पिअर्सने आपली मते जानेवारी १९१६ मध्ये 'द मर्डर मशीन' ह्या पुस्तिकेत एकत्र केली. त्यातला बराचसा मजकूर त्याने आधीच्या तीन-चार वर्षांत भाषणांतून व नियतकालिकांतून मांडला होता. शीर्षक भडक आहे, पण आतला युक्तिवाद मुद्देसूद आहे. यंत्राला आत्मा नसतो. कच्चा माल आत घालावा, ठरावीक आकाराचा पक्का माल बाहेर काढावा आणि जो आकारात बसणार नाही तो फेकून द्यावा, एवढेच त्याला कळते. आयर्लंडमध्ये शिक्षणव्यवस्थाच नाही, शिक्षणाच्या नावाने चाललेले एक यंत्र तेवढे आहे, असा त्याचा आरोप होता.

ह्या यंत्रासमोर तो एक जुनी आयरिश कल्पना ठेवतो. प्राचीन आयर्लंडमध्ये मूल दुसऱ्या कुटुंबात वाढायला देण्याची प्रथा होती. तिचे कायदे होते, दोन्ही घरांवर बंधने होती. विद्यार्थ्यासाठी आयरिशमध्ये जो 'डाल्टा' शब्द आहे त्याचा अर्थ असे पोसायला घेतलेले मूल, आणि शिक्षकासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ ते मूल वाढवणारा पालक. शिकवणे म्हणजे पोसणे, हे पिअर्सचे सूत्र. मराठी वाचकाला इथे गुरुकुल आठवेल. आठवावे, पण आपल्या गुरुकुलाचे दार कोणाला उघडे होते हेही त्याबरोबर आठवावे. पिअर्सही आपल्या भूतकाळाकडे बराच भाबडेपणाने पाहत होता. मात्र त्या भाबडेपणातून निघालेले निष्कर्ष भाबडे नव्हते.

त्याचा पहिला निष्कर्ष असा की स्वातंत्र्य तिन्ही ठिकाणी हवे : शाळेला, शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला. अभ्यासक्रम काय असावा हे शाळेने आपल्या परिसराप्रमाणे ठरवावे. शिक्षकाला चांगला पगार, नोकरीची शाश्वती आणि मान मिळावा. कारण उद्याच्या भाकरीची चिंता असलेला माणूस दुसऱ्याच्या मुलाला पोसू शकत नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याने सांगितलेला एक प्रसंग ह्या पुस्तिकेतला सर्वांत लोभस भाग आहे. एक बाप आपल्या मुलाविषयी तक्रार घेऊन आला. पोराला पुस्तकात गती नाही, कामात गती नाही. टिनची शिट्टी तेवढी वाजवतो. ह्याचे करू तरी काय? पिअर्सने उत्तर दिले, त्याला एक शिट्टी विकत घेऊन द्या. बाप चकित झाला. पिअर्सच्या मते मात्र दुसरे कोणते उत्तर संभवतच नव्हते.

हा केवळ टीकाकार नव्हता. १९०५ साली बेल्जियममध्ये जाऊन त्याने द्विभाषिक शाळा पाहिल्या होत्या. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत शिकवावे आणि दुसरी भाषा बोलण्यातून, वस्तू दाखवून द्यावी, हे तो तिथून शिकला. ८ सप्टेंबर १९०८ रोजी त्याने डब्लिनमध्ये सेंट एन्डाज् ही मुलांची शाळा उघडली. १९१० मध्ये ती रॅथफार्नहॅमच्या एका विस्तीर्ण, झाडीने भरलेल्या जागेत गेली. बागकाम, निसर्गाभ्यास, नाटके, दोन्ही भाषांतून शिकवणे आणि विद्यार्थ्यांनी निवडलेले शाळेचे पदाधिकारी हे तिथे नित्याचे होते. थॉमस मॅक्डोना हा कवी त्याचा सहकारी, धाकटा भाऊ विली चित्रकलेचा शिक्षक. मुलींसाठी काढलेली शाळा मात्र दोनच वर्षे टिकली. कर्ज कायमचे पाठीशी होते. १९१४ साली पिअर्स पैसे उभे करण्यासाठी अमेरिकेचा दौरा करून आला.

ह्याच ओढग्रस्तीत शाळेच्या मदतीसाठी १७ मे १९१३ रोजी डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये दोन नाटके झाली. एक रवीन्द्रनाथांचे 'डाकघर', इंग्रजीत. दुसरे पिअर्सचे 'अन री', म्हणजे 'राजा', आयरिशमध्ये, त्याच्या विद्यार्थ्यांनी केलेले. रवीन्द्रनाथांना नोबेल मिळायला अजून सहा महिने होते. शांतिनिकेतनात शाळा काढलेल्या एका कवीचे नाटक डब्लिनमधल्या दुसऱ्या कवीच्या शाळेच्या उपयोगी पडले.

ही दोन नाटके शेजारी ठेवून वाचावीत. दोहोंच्या केंद्रस्थानी एक निष्पाप मूल आहे आणि दोन्ही मुले शेवटी मरतात. पण अमल खिडकीपाशी मरतो. बाहेरचा रस्ता, दहीवाला, डोंगरापलीकडचे जग ह्यांची स्वप्ने पाहत, राजाच्या पत्राची वाट पाहत. पिअर्सच्या नाटकातले मूल पापी राजाच्या जागी राजा होते, लढाईवर जाते आणि लोकांसाठी प्राण देते. एका शिक्षकाला मुलाने जग पाहावे असे वाटत होते. दुसऱ्याला त्याने जगासाठी मरावे, असेही वाटू लागले होते.

पिअर्सच्या विचारातली भेग इथे आहे. शिक्षकाने मुलांपुढे तयार मते ठेवू नयेत, प्रेरणा आणि उदाहरण ठेवावे, असे तो म्हणत असे. परंतु प्रेरणा देणारा शिक्षक यंत्रापेक्षा अधिक खोल ठसा उमटवतो. सेंट एन्डाज्‌च्या दर्शनी भागात कूखुलिन ह्या कोवळ्या वयात मरणाऱ्या पुराणवीराचे चित्र होते. १९१६ च्या उठावात शाळेचे अनेक माजी विद्यार्थी बंदुका घेऊन उभे राहिले. पिअर्स आणि मॅक्डोना ३ मे रोजी, विली ४ मे रोजी मारला गेला. मुलांना ह्या उदाहरणाला नकार देण्याची मोकळीक खरोखर किती होती? पिअर्सविषयी आदर असूनही हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. आणि त्याच्याच तत्त्वावर तो विचारता येतो, हे त्या तत्त्वाचे बळ आहे.

आता १९२२ नंतरचे पाहू. स्वतंत्र राज्याने पिअर्सचे चित्र भिंतीवर लावले आणि यंत्र ठेवून घेतले. निकालावर अनुदान १९२४ मध्ये माध्यमिक शाळांतूनही गेले खरे. पण त्या जागी नव्या सार्वजनिक परीक्षा आल्या. बदलली ती यंत्रात घालायची भाषा. घरी इंग्रजी बोलणाऱ्या बालवर्गातल्या मुलांनाही आयरिशमधून शिकवण्याचा आदेश निघाला. बेल्जियममध्ये पिअर्स जे शिकला होता त्याच्या हे अगदी उलट होते. १९४० च्या दशकाच्या आरंभी प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने आपल्या सभासदांकडून चौकशी करून अहवाल सादर केला, की परक्या माध्यमामुळे ह्या मुलांचे नुकसान होत आहे. शिक्षणमंत्र्यांनी तो मानला नाही. शाळेत काय चालले आहे हे शिक्षकाने सांगावे आणि सरकारने ते ऐकू नये, ही जुनीच रीत झाली.

शिक्षकाच्या स्वातंत्र्याची गोष्ट तर दूरच. प्राथमिक शाळेचा व्यवस्थापक बहुधा स्थानिक धर्मगुरू असे. लग्न झाले की शिक्षिकेने नोकरी सोडायची, हा नियम १९३० च्या दशकात आला आणि १९५८ पर्यंत टिकला. १९६५ मध्ये जॉन मॅक्गहर्नच्या 'द डार्क' ह्या कादंबरीवर बंदी आली आणि डब्लिनमधली त्याची प्राथमिक शिक्षकाची नोकरी गेली. कवी-शिक्षकाला राष्ट्रपुरुष मानणाऱ्या देशात लेखक-शिक्षकाला वर्गात जागा उरली नाही.

बदल झाले, पण फार उशिरा. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले, १९७१ मध्ये प्राथमिक शाळांना बालकेंद्री अभ्यासक्रम मिळाला, १९८२ मध्ये छडी बंद झाली. चर्चच्या संस्थांनी चालवलेल्या औद्योगिक शाळांत अनाथ व गरीब मुलांवर काय अत्याचार झाले ते २००९ च्या चौकशी अहवालाने जगापुढे आणले. 'पोसायला घेतलेले मूल' हा शब्द ज्या भाषेत विद्यार्थ्यासाठी वापरतात, त्या भाषेच्या देशात हे घडले.

पिअर्स बरोबर होता की चूक, असा निकाल इथे द्यायचा नाही. निकाल देण्याच्या सवयीविरुद्धच तर तो लिहीत होता. आम्हांला एवढेच दिसते, की परकी सत्ता गेली म्हणजे यंत्र आपोआप मोडत नाही. त्याला मालक बदललेला चालतो, भाषा बदललेली चालते, भिंतीवर हुतात्म्याचे चित्रही चालते. त्याला चालत नाही तो शिट्टी विकत घेऊन द्या म्हणणारा शिक्षक. येट्सच्या कवितेखालची ती टीप पुन्हा कधी शिकवायची वेळ आली, तर तिच्यात एक वाक्य वाढवावे असे वाटते : ह्या माणसाने शाळा चालवली, आणि ती कशी चालवावी ह्याविषयी त्याचे काही म्हणणे होते.